पारूला मिळालेला पंखा

आत्माराम चुरींना भाषण करता येतं, हा शोध त्यांना निवृत्तीच्या दिवशी लागला. तोवर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी सगळी नोकरी डबे मोजण्यात घालवली होती. निरोपसमारंभात कोणीतरी माइक हातात दिला, हे बोलले, आणि शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या भाषणाबद्दल होत्या की भाषण संपल्याबद्दल, हा प्रश्न त्यांच्या बायकोला, शैलाताईंना पडला होता. पण त्या संसारी बाई, त्यांनी तो गिळून टाकला. तेव्हापासून बोईसरमधल्या त्यांच्या सोसायटीत कुठेही माइक दिसला की आत्माराम आपोआप त्याच्याकडे सरकू लागले. सत्यनारायण असो की पाण्याच्या टाकीची सफाई, चार शब्द त्यांचे व्हायचेच.

आता अशा माणसाकडे पारूने मदत मागावी, हे तिचं नशीब.

पारू सातपाटीची. सरावलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मासळीबाजार आहे, तिथे ती मासे विकायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एक पाय बारीक, त्यामुळे काठीशिवाय चालणं नाही. जीभ मात्र ठणठणीत. त्या बाजाराची एक रीत आहे. सातपाटी-दातिवऱ्याहून बायकांचे टेम्पो पहाटे येतात, बायका उड्या मारून उतरतात, आणि जिचं गोणपाट जमिनीवर आधी पडेल तिची ती जागा. त्यावर भांडण नाही, वशिला नाही. सगळ्यांना हवी असते ती बाजाराच्या तोंडाची जागा, कारण कारखान्यांची पाळी सुटली की कामगारांचा लोंढा तिथूनच आत शिरतो आणि निम्मे लोक पहिल्या दोन-तीन बायकांकडेच पिशवी भरून मागे वळतात. पारू टेम्पोतून उतरेपर्यंत तोंडाच्या जागा भरलेल्या असायच्या. तिच्या वाट्याला यायची ती मधली, गटाराजवळची जागा. तिथपर्यंत गिऱ्हाईक पोचायचं ते भाव विचारून दमलेलं.

"भाऊ, मना काय जास्ती नको," तिने एकदा आत्मारामांच्या पिशवीत बोंबील टाकता टाकता सांगितलं. "माजं गोणपाट आदी पडू द्या, तेवडंच. कमिटीवाले सांगतात, नियम सगल्यांना सारका हाय. आता सगल्यांना पाय सारके हायत का?"

आत्मारामांना हे वाक्य फार आवडलं. इतकं, की घरी येईपर्यंत ते आपलंच आहे असं त्यांना वाटू लागलं.

त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरत आला. पालघरमध्ये दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था होती. दिव्यांगांशी भेदभाव करू नये असा कायदा आहे, तर तो लोकांना किती ठाऊक आहे, कुठे अडतं, आणि त्यांची बाजू मांडायला कशा प्रकारची मदत हवी, हे संस्था ठिकठिकाणी लोकांनाच विचारत होती. बोईसरमध्ये अशी बैठक घ्यायला कोणी जागा देईल का, असा निरोप होता. खाली नाव होतं अ‍ॅडव्होकेट चारुता. आत्मारामांनी इतक्या तातडीने होकार कळवला की चारुताने आधी तो चुकून आलाय असं समजून दुर्लक्ष केलं.

फोनवर तिने दोनच गोष्टी सांगितल्या. बैठक साधी ठेवा, आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच बोलू द्या. आत्माराम म्हणाले, "अगदी अगदी." त्यांचं हे 'अगदी अगदी' म्हणजे काय, ते शैलाताईंना ठाऊक होतं. चारुताला कुठून असणार?

पहिला सल्ला आला दुसऱ्या मजल्यावरच्या पुंडलिक गुरुजींचा. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. पालघर तालुक्यात त्यांनी जेवढ्या सभा बघितल्या असतील तेवढे दिवस काही माणसं जगतसुद्धा नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की साधी बैठक असा काही प्रकारच नसतो. एकतर सभा असते, नाहीतर चहा असतो. सभा म्हटली की दीपप्रज्वलन आलं, स्वागत आलं, प्रास्ताविक आलं, प्रमुख पाहुणे आले, आणि पाहुणे आले की सत्कार आलाच, कारण सत्काराशिवाय पाहुणा म्हणजे नुसता आलेला माणूस.

तारीखही गुरुजींनीच काढली. गणपती झाल्यानंतरचा पहिला रविवार. हॉल मोकळा, लोक घरी, उत्साह शिल्लक. चारुताने जरा बिचकत विचारलं, की रविवारी मासळीबाजारातल्या बायकांना जमेल का? आत्माराम हसले. "अहो मॅडम, रविवारी सगळ्यांना सुट्टी असते."

वाचकहो, इथे क्षणभर थांबायला हवं. हा माणूस जन्मभर पालघर तालुक्यात राहिलेला. श्रावणभर आणि गणपतीत तोंड बांधून बसलेली माणसं नंतरच्या पहिल्या रविवारी मासळीवर कशी तुटून पडतात, हे त्याला शिकवायची गरज नाही, कारण तुटून पडणाऱ्यांत तो स्वतः पुढे असतो. वर्षातला पारूचा सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस त्याने पारूच्या प्रश्नावरच्या सभेसाठी निवडला. आणि गंमत म्हणजे त्यात त्याला काही चुकतंय असं वाटलं नाही. रविवार म्हणजे सुट्टी, ही गोष्ट नोकरदार माणसाच्या डोक्यात रंगाच्या डब्याच्या झाकणासारखी घट्ट बसलेली असते.

मग परवानग्या. हॉल सोसायटीचाच, तरी सेक्रेटरींनी लेखी अर्ज मागितला आणि त्यावर शेरा मारला की चाकांच्या खुर्च्यांमुळे नव्या फरश्यांना चरे पडल्यास जबाबदारी अर्जदाराची राहील. आत्मारामांनी सही केली. माइकची परवानगी काढायला पोलीस ठाण्यात गेले तर तिथल्या माणसाने कार्यक्रम धार्मिक की राजकीय असं विचारलं. आत्माराम म्हणाले, कायद्याविषयी आहे. त्यावर तो माणूस फॉर्म उलटसुलट करून बघत म्हणाला, "कायद्याचा कॉलम नाय आमच्याकडे. धार्मिक लिहू?" धार्मिक लिहिलं गेलं.

फ्लेक्स स्नेहल नावाच्या मुलीने केला. तिचं दुकान नाक्यावर, हात चांगला. पण फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा, हे फ्लेक्सवाल्याच्या हातात नसतं. प्रमुख पाहुणे म्हणून मासळीबाजार कमिटीचे चेअरमन दर्पणशेठ यांना बोलावलं होतं. त्यांचा फोटो डोक्यावर गॉगल चढवलेला, पुरुषभर उंचीचा. बाजूला गुरुजी. मग हात जोडलेले आत्माराम. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत 'दिव्यांग हक्क कायदा : आपले मत मांडा' एवढं बसवलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटे, दर्पणशेठ निवडणुकीला उभे आहेत आणि आत्माराम त्यांना शरण आले आहेत.

यात गुरुजींना नवीनच चिंता लागली. हॉल भरायला दिव्यांग आणायचे कुठून? चारुताच्या ओळखीचे काही लोक येणार होते, पण गुरुजींच्या मते रिकाम्या खुर्च्या म्हणजे सभेचा अपमान. त्यांनी कायद्यातली दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांची यादी मिळवली आणि जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचली. लोकांनी ती जत्रेतल्या भविष्यासारखी ऐकली आणि जो तो त्यात स्वतःला शोधू लागला. गुडघेवाले आधी पुढे आले. मग बीपी आली, शुगर आली. एका गृहस्थांनी लिफ्टची भीती धरतात का, असं विचारलं. रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते ही बातमी तळमजल्यापर्यंत पोचली तेव्हा तर सोसायटीत धडधाकट म्हणावं असं माणूसच उरलं नाही.

पारूला आत्मारामांनी बाजारात जाऊन आमंत्रण दिलं. रविवार म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, बाया कशा येतील त्या दिवशी? त्यांच्यासमोरच बोलायला हवं ना? आत्माराम म्हणाले की बायांचं नंतर बघू, दर्पणशेठ स्वतः येतायत, हे काम वरून झालं पाहिजे. पारूने जरा विचार केला. वर्षाचा सगळ्यात चांगला धंदा एका बाजूला, आणि पुढच्या सगळ्या वर्षांची तोंडाची जागा दुसऱ्या बाजूला. शेवटी तिने मासे नणंदेच्या पाटीत घातले आणि चांगलं लुगडं नेसून सभेला आली. ती आली, हेच आत्मारामांना पुढे जास्त लागलं.

सभा सुरू व्हायला उशीर झाला, कारण दिवा पेटेना. वरचा पंखा दर वेळी वात विझवायचा. पंखा बंद केला तर दिवा पेटला आणि माणसं घामाने विझायला लागली. मग स्वागत. मग गुरुजींचं प्रास्ताविक, ज्यात त्यांनी अपंग, विकलांग आणि दिव्यांग या शब्दांचा इतिहास सांगितला आणि तो सांगता सांगता आपल्या पहिल्या शाळेच्या कौलांपर्यंत गेले. मग सत्कार. दर्पणशेठ, चारुता, गुरुजी, माइकवाला. चारुताने दोनदा घड्याळ बघितलं आणि हळूच विचारलं की चर्चा कधी? आत्माराम म्हणाले, "ही चाललीच आहे की."

चर्चेसाठी जो थोडा वेळ उरला त्यात पालघरहून कुबड्या घेऊन आलेले एक गृहस्थ बँकेच्या पायऱ्यांबद्दल बोलले. त्यांचं चांगलं चाललं होतं, पण तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात वर केला आणि जावई आपल्याला कार्यक्रमांना बोलवत नाही, हा भेदभाव कुठल्या कलमात बसतो, असं विचारलं. चारुताने शांतपणे सांगितलं की बसत नाही. काका म्हणाले, मग कायदा अपुरा आहे, लिहून घ्या.

मागच्या रांगा आता चुळबुळायला लागल्या होत्या. हॉलच्या खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून भरलेल्या पिशव्या परत येताना दिसत होत्या. एका पिशवीतून सुरमईचं शेपूट बाहेर आलेलं होतं. त्या शेपटाने सभेची जेवढी वाट लावली तेवढी कोणत्याच वक्त्याने लावली नाही. शैलाताई दाराजवळ बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला खुणेने पिशवी दाखवली आणि त्या उठल्या. त्यांच्या मागून सहा-सात जणी. पारूची रोजची गिऱ्हाइकं एकेक करून पारूच्या समोरून दुसरीकडे मासे घ्यायला चालली होती, आणि पारू स्टेजवर बसून त्यांना बघत होती.

गुरुजींच्या लक्षात आलं की लोक गळतायत, तेव्हा त्यांनी ठेवणीतला कार्यक्रम पुढे घेतला. पारूचा सत्कार. दर्पणशेठनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. चारुता उठली आणि तिने माइक पारूपुढे धरला. "पारूताई, आता तुम्ही सांगा."

आता बघा, पारूच्या एका हातात काठी. दुसऱ्या हातात नारळ. खांद्यावरची शाल घसरत होती ती हनुवटीने दाबून धरलेली. माइक घ्यायला तिला हात नव्हता. तरी ती पुढे वाकून बोलायला लागली.

"मना एवडंच सांगाचं हाय, का आमच्यात गोणपाट टाकतात ना…"

गोणपाट हा शब्द स्पीकरमधून हॉलभर घुमला. दर्पणशेठनी भुवया वर केल्या. आत्मारामांना कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. एवढी सभा, एवढा फ्लेक्स, आणि हिचं सुरू काय तर गोणपाट. हिला धड मांडता यायचं नाही, असं त्यांना अगदी कळवळून वाटलं. कळवळा खरा होता, याबद्दल त्यांच्या शत्रूनेही शंका घेऊ नये. त्याच कळवळ्यात ते उठले, चारुताच्या हातातला माइक त्यांनी अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "तिच्या वतीने मी सांगतो."

ते भाषण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं, हीच तर रड आहे. नियम सगळ्यांना सारखा असेल, पण सगळ्यांचे पाय सारखे आहेत का, असा त्यांनी सवाल टाकला तेव्हा गुडघेवाल्यांच्या रांगेतून हुंकार आला. मग ते सुटले. ही आपली भगिनी गर्दीत, चिखलात, धक्के खात, कामगारांच्या पायांशी बसते. तिला गर्दीपासून दूर, शांत, स्वच्छ, सावलीची, स्वतंत्र अशी सन्मानाची जागा मिळायला नको का? डोक्यावर एक पंखा नको का?

गर्दीपासून दूर. जन्मभर ज्या बाईला गर्दीच्या तोंडाशी बसायचं होतं, तिच्यासाठी त्यांनी हे मागितलं. त्यांना स्वतःला गर्दी आवडत नसे.

टाळ्या पडल्या. दर्पणशेठ भारावून उठले आणि म्हणाले, कमिटीच्या वतीने जाहीर करतो, ताईंना बाजारात स्वतंत्र कक्ष, पंख्यासकट, विषय संपला. चारुता म्हणत होती की मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. पारू काहीतरी सांगत होती, तिची मान नाही नाही म्हणून हलत होती, पण शाल हनुवटीखाली असल्यामुळे ती शाल सावरतेय असं वाटत होतं. तेवढ्यात पापलेट संपत आल्याची खबर आली. गुरुजींनी प्रसंगावधान राखून आभार उरकले आणि राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीतात कोणी हरकत घेत नाही. पारू नारळ धरून ताठ उभी राहिली.

कक्ष इतक्या लवकर तयार झाला की कोणाचा विश्वास बसेना. बाजाराच्या मागच्या बाजूला, बर्फाच्या गोदामाला लागून, गुळगुळीत उतार, स्टीलचा कठडा, पांढऱ्या फरश्या, वर पंखा. दर्शनी भागावर चाकाच्या खुर्चीचं चित्र आणि 'दिव्यांग विक्रेता कक्ष'. दर्पणशेठनी फीत कापली, आत्मारामांनी फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्या दिवशी शैलाताईंनी आपणहून त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला.

दोन आठवड्यांनी ते पिशवी घेऊन गेले. पारू फरशीवर बसली होती. समोर बोंबलांचे वाटे मांडलेले. पंखा गरगर फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने ताजे बोंबील वरून सुकत चालले होते. दुसरं कोणी नव्हतं. आत्माराम म्हणाले, छान हवेशीर आहे.

"भाऊ," पारू म्हणाली, "हितं माशी पन येत नाय."

मग पुढे जाऊन बस, असं त्यांनी सुचवलं. तेव्हा कळलं की पुढे बसता येत नाही. कमिटीचा माणूस येऊन उठवतो, एका बाईला दोन जागा कशा, म्हणतो. आणि बायकांनी तर बोलणंच टाकलं होतं. त्या सगळ्या उन्हात, हिला पंखा. पंखा तिने मागितला नव्हता हे सांगितलं तर त्या म्हणायच्या, मग साहेबांना काय स्वप्न पडलं? एरवी टेम्पोतून पाटी उतरवून द्यायला चार हात पुढे यायचे, ते आता येत नव्हते.

आत्माराम दर्पणशेठकडे गेले. शेठनी त्यांना पाणी दिलं, ठराव दाखवला आणि म्हणाले की दिव्यांगांच्या प्रतिनिधींच्या मागणीनुसार, असं स्पष्ट लिहिलंय. प्रतिनिधी म्हणजे तुम्ही. तुमच्यामुळे तर आमच्या कमिटीचं नाव पेपरात आलं, काका, आता तुम्हीच नको म्हणता? आत्माराम परत आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भाषणाचा परिणाम झाला होता आणि तो त्यांना पुसता येत नव्हता.

उपाय गुरुजींकडे होता. गिऱ्हाईक मागे जात नसेल तर त्याला वाट दाखवा. स्नेहलकडून बाणाची पाटी करून घेतली, चाकाच्या खुर्चीच्या चित्रासकट, आणि बाजाराच्या तोंडाशी लावली. त्या दिवसापासून मागे माणसं यायला लागली. पाळी सुटली की कामगार घाईघाईने बाणाच्या दिशेने यायचे, पारूसमोर थांबायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "मौसी, बाथरूम किधर है?" ते चित्र त्यांनी आजवर बाथरूमवरच बघितलं होतं. एकाने तर बर्फाच्या गोदामाच्या भिंतीशी आपलं काम उरकूनही घेतलं. पाटी काढावी लागली.

शेवटी आत्मारामांनी चारुताला फोन केला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की परत बोलू, पण बाजारात, बायकांसमोर आणि मंगळवारी दुपारी, धंदा थंड असताना. आणि तुम्ही या, पण बोलू नका.

मंगळवारी माइक नव्हता, दिवा नव्हता. बायका आपापल्या गोणपाटांवर बसल्या होत्या, काही मुद्दाम पाठ फिरवून. कमिटीचा एक माणूस आला होता. चारुता खाली, पारूच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पारूताई, तुम्हाला काय हवं?"

पारूने आत्मारामांकडे बोट केलं. "यांना विचारा. यांना सगलं म्हाईत हाय."

बायका हसल्या, पाठ फिरवलेल्याही. आत्माराम तोंडावर रुमाल धरून उभे राहिले. वास येत होता म्हणून, असं बघणाऱ्याला वाटलं असेल.

मग पारू बोलली. तिला कक्ष नको होता. तिला रांगेत परत यायचं होतं, मिळेल त्या जागी. चारुताने विचारलं की गोणपाट आधी टाकू देण्याचं काय, ती तर तुमची पहिली मागणी, आणि कायद्याने ती मागता येते, मी सोबत आहे. पारूने बायकांकडे बघितलं आणि मान हलवली. "आता नाय. आता मागितलं, तर बोलतील, पंखा झाला, आता तोंड पायजे. आदी यांना माज्याशी बोलू द्या. मंग बगू."

कमिटीच्या माणसाला हे लेखी हवं होतं. मिळालेली जागा मी स्वखुशीने सोडत आहे. चारुताने त्यात दुसरं वाक्य घालून घेतलं, की पुढे मागण्याचा हक्क राहील. पारूने सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. त्या माणसाने पेन आत्मारामांपुढे केलं. तुम्हीच होतात ना पहिल्यापासून, म्हणाला.

आत्मारामांनी सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली नाही.

त्यानंतर काही दिवस त्यांचं घरात लक्ष लागेना. सोसायटीत दिवाळीच्या कार्यक्रमाचा माइक लागला, तरी ते खाली उतरले नाहीत. शैलाताईंना काळजी वाटली. एका रविवारी त्या उठल्या तर हे घरात नव्हते, आणि तांदळाचं रिकामं पोतंही नव्हतं.

आत्माराम बाजाराच्या तोंडाशी उभे होते. अजून उजाडायचं होतं. अगदी मोक्याच्या जागी त्यांनी पोतं पसरलं होतं, चारी कोपरे नीट ओढून, आणि राखणदारासारखे ते त्याच्या बाजूला थांबले होते. पँट इस्त्रीची होती. टेम्पो आला. बायका उड्या मारून उतरल्या, धावल्या आणि पोत्यापाशी येऊन थबकल्या. एकीने विचारलं, काका, आज तुमी काय इकणार? दुसरी म्हणाली, भाषन इकतील, ते ताजं असतं त्यांचं. आत्मारामांनी सांगितलं की ही जागा पारूची आहे. हसणं थांबलं. त्या आपापली गोणपाटं पोत्याच्या दोन्ही बाजूंनी टाकून बसल्या, पण आता त्यांचे चेहरे पारूला पंखा मिळाल्यावर झाले होते तसे झाले होते.

पारू शेवटी आली. काठी टेकत, आणि मागे तिची पाटी धरून एक बाई. बोलणं सुरू झालं होतं तर. पारूने पोतं बघितलं. बायकांकडे बघितलं. मग आत्मारामांकडे.

"कोनी सांगितलं तुमाला?"

"कोणी नाही," आत्माराम म्हणाले.

"मंग उचला. यांच्यात मना बसाचं हाय, भाऊ. तुमाला नाय."

आत्माराम वाकले. गुडघा कटकन वाजला. त्यांनी पोतं उचललं, झटकलं आणि घडी घालून काखेत धरलं. मोकळ्या झालेल्या जागेवर शेजारचीने आपलं गोणपाट तेवढंच सरकवलं. पारू तिच्यापुढून आत गेली, गटाराजवळ थांबली, आणि पाटी धरलेल्या बाईने पाटी खाली ठेवल्यावर सावकाश बसली.

पाळी सुटायला वेळ होता. पारूने बोंबलांचे वाटे लावायला घेतले. आत्माराम तिथवर जाऊन वाट्यांसमोर थांबले. पिशवी तर ते आणायलाच विसरले होते. पारूने मान वर न करता हात पुढे केला. त्यांनी काखेतलं पोतं दिलं. तिने त्यात एक वाटा ओतला, तोंड पिळलं आणि परत दिलं.

ते पोतं घेऊन आत्माराम नाक्यावरून घरी आले. पोत्यातून पाणी गळत होतं, इस्त्रीच्या पँटवर. वाटेत गुरुजी भेटले आणि म्हणाले, "काय चुरी, सकाळी सकाळी? दोन शब्द सांगा."

आत्मारामांना शब्द सुचला नाही.